मागे टनांचं घर, खिशात कारचं लायसन्स

कॅलिफोर्नियाच्या परवाना खात्याचा एक नियम वाचून आधी हसू येतं आणि मग जरा धडकी भरते. बेडरूम, शॉवर, फ्रिज, शेगडी सगळं पोटात घेऊन चालणारं ४० फुटी मोटरहोम, म्हणजे बारा मीटरचं धूड, तिथे साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येतं. काल कारची परीक्षा पास झालात, आज धूड घेऊन निघा. लांबी ४० फुटांच्या वर गेली, की मात्र वरच्या वर्गाचं लायसन्स काढा.

आता हेच घर बिनइंजिनाचं आहे आणि पिकअपमागे ओढून न्यायचंय, असं समजा. मग फूटपट्टी बाजूला पडते आणि तराजू येतो. मागचा ट्रेलर १०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास असेल, तर कारचं लायसन्स चालतं. त्यापुढे बिगरव्यावसायिक ‘क्लास ए’ लागतो. त्यासाठी लेखी परीक्षा, आरोग्याची प्रश्नावली, निघण्यापूर्वी गाडी कशी तपासायची याची परीक्षा, रिव्हर्सच्या कसरती आणि रस्त्यावरची चाचणी. परीक्षेला गाडी आणि ट्रेलर आपलाच न्यायचा.

यालाही एक पळवाट आहेच. ट्रेलर ‘फिफ्थ व्हील’ जातीचा असेल, तर १५,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ६,८०० किलोंपर्यंत सूट मिळते. कारच्याच लायसन्सवर एक जादा शिक्का मारून घेतला की काम झालं. फिफ्थ व्हील म्हणजे ज्याचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यात, थेट मागच्या अॅक्सलच्या डोक्यावर बसतो तो ट्रेलर. साधा ट्रेलर बंपरच्या मागे हिचला, म्हणजे जोडणीच्या आकड्याला लटकतो. तो शेपटासारखा डोलू शकतो, हा मानगुटीवर बसतो. मग कायदा त्याच्याशी सौम्य का वागतो, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

काट्याला कोण विचारतो?

नव्याने ट्रेलर घेणारे हमखास फसतात ते इथे. लायसन्सच्या हिशेबात ट्रेलरचं आजचं वजन धरत नाहीत. कारखान्याने ट्रेलरवर लावलेल्या पट्टीवर ‘जास्तीत जास्त एवढं’ म्हणून जो आकडा छापलाय, तो धरतात. ट्रेलर रिकामा असो, आत एक उशी असो किंवा अख्खं स्वयंपाकघर असो, आकडा तोच. ब्रिटन आणि युरोपातही हीच रीत. वजनकाट्यावरची चिठ्ठी दाखवून पोलिसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. वजन कमी भरलं म्हणून लायसन्सचा वर्ग बदलत नाही.

उत्पादक हे ओळखून आहेत. अमेरिकेतल्या शोरूममध्ये ९,९९५ पौंडांचे ट्रेलर दिसतात. एवढा अचूक आकडा कुठून आला, असं वाटत असेल तर १०,००० ची रेघ आठवा. मोटरहोमसाठीही नेमक्या २६,००० पौंडांवर थांबणाऱ्या चॅसिस मिळतात. बाटाच्या चपलेची किंमत ज्या तत्त्वाने ठरते, त्याच तत्त्वाने इथे वजन ठरतं.

अर्थात पट्टीवरचा आकडा लायसन्सपुरता. खरं वजन टायरला कळतंच. एक अमेरिकन गॅलन पाणी ८.३४ पौंड भरतं. ६० गॅलनची टाकी घरूनच भरून निघालात, तर ५०० पौंड, म्हणजे सव्वादोन क्विंटल पाणी डोंगर चढवत नेता. जाणते लोक टाकी रिकामी ठेवतात आणि मुक्कामावर पोचून नळ लावतात.

२६,००१ ची जन्मकथा

अमेरिकेत ट्रकवाल्यांसाठी जादूचा आकडा आहे २६,००१ पौंड, म्हणजे पावणेबारा टनांच्या थोडं वर. गाडी आणि ट्रेलर मिळून एवढं झालं आणि त्यातला ट्रेलर १०,००० पौंडांच्या वर असला, की व्यावसायिक ‘क्लास ए’ लायसन्स लागतं. याचं मूळ १९८६ च्या केंद्रीय कायद्यात आहे. त्याआधी प्रत्येक राज्याचा कारभार स्वतंत्र होता, आणि काही ट्रकचालक चार राज्यांची चार लायसन्सं खिशात घेऊन फिरत. एका राज्यात गुन्हे साठले, की दुसऱ्याचं लायसन्स काढून दाखवायचं. केंद्राने ठणकावलं: एक चालक, एक लायसन्स. १ एप्रिल १९९२ पासून नवी व्यवस्था सक्तीची झाली.

पण हा सगळा बंदोबस्त धंदेवाल्यांसाठी. सुट्टीवर निघालेले आजी-आजोबा धंदा करत नाहीत, तेव्हा त्यांचं काय करायचं ते राज्यांनी ठरवावं. आणि राज्यांनी ते आपापल्या लहरीने ठरवलंय. फ्लोरिडाने घरगुती वापराच्या गाड्यांना व्यावसायिक लायसन्सातून सरळ सूट दिली. न्यू यॉर्कमध्ये २६,००० पौंडांवरच्या गाडीसाठी साध्या लायसन्सवर ‘आर’ हे अक्षर वाढवून घ्यावं लागतं. नेवाडात जड ट्रेलर ओढणाऱ्याला ‘जे’ अक्षर. टेक्सासमध्ये २६,००१ ची रेघ ओलांडली, की बिगरव्यावसायिक ‘ए’ किंवा ‘बी’ची परीक्षा द्या.

मिशिगनचं ‘आर’ तर सगळ्यात गमतीचं. तिथे पिकअपमागे फिफ्थ व्हील आणि त्या फिफ्थ व्हीलच्या मागे आणखी एक ट्रेलर, बहुधा होडीचा, असा तीन डब्यांचा ताफा नेता येतो. त्यासाठी ‘रिक्रिएशनल डबल’ नावाची वेगळी परवानगी मिळते. राज्याला मोठमोठ्या सरोवरांचा किनारा आहे. माणूस सुट्टीवर निघणार तो घरही नेणार आणि होडीही, हे तिथल्या सरकारने मान्यच करून टाकलंय.

घर विकून कायमचे रस्त्यावर राहायला गेलेले हजारो अमेरिकन आहेत. त्यांना पत्ता तर लागतोच, लायसन्सही लागतं. साउथ डकोटा हे त्यांचं लाडकं राज्य: राज्याचा आयकर नाही, आणि रहिवासी म्हणून लायसन्स काढायला तिथल्या कॅम्पग्राउंडवरच्या किंवा हॉटेलातल्या एका रात्रीच्या मुक्कामाची पावती पुरत आली आहे. मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षाही नाही. टेक्सास आणि फ्लोरिडाही याच यादीत असतात, दोन्हीकडे राज्याचा आयकर नाही. टेक्सासमध्ये लिव्हिंगस्टन नावाच्या छोट्या गावात अशा भटक्यांच्या क्लबचं टपाल केंद्र आहे. हजारो माणसांचा कायदेशीर पत्ता एकच, आणि त्यांतलं कुणी घरी सापडत नाही.

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातली आपली मराठी मंडळी लाँग वीकेंडला मोटरहोम भाड्याने घेतात, तेव्हा त्यांना यातलं काहीच माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही पडत नाही. भाड्याच्या मोटरहोमला साधं लायसन्स पुरतं. काउंटरवर एक व्हिडिओ, किल्ली हातात, आणि शुभेच्छा.

ब्रिटन: ट्रकवाल्यांच्या कृपेने

ब्रिटनमध्ये तुमची परीक्षा पास झाल्याची तारीख पाहून लायसन्सची ताकद कळत असे. १ जानेवारी १९९७ च्या आधी कारची परीक्षा पास झालेला माणूस गाडी आणि ट्रेलर मिळून ८,२५० किलोंपर्यंत काहीही ओढू शकतो. त्यासाठी त्याने आयुष्यात कधी ट्रेलर पाहिलेला असण्याची अट नाही. त्यानंतर पास झालेल्या पोराने जरा मोठी कॅराव्हॅन, म्हणजे मागे ओढायचं घर, घेतली, की त्याला वेगळी परीक्षा. म्हणजे काका मजेत ओढणार आणि पुतण्या परीक्षकासमोर घाम पुसणार.

मग २०२१ साली ब्रिटनमध्ये लॉरीचालकांचा तुटवडा पडला. दुकानांत फळ्या रिकाम्या, पेट्रोल पंपांवर रांगा. लॉरीच्या परीक्षा झटपट घ्यायला परीक्षक मोकळे हवे होते, आणि त्यांतले काही कॅराव्हॅनवाल्यांच्या परीक्षा घेण्यात अडकलेले. सरकारने कॅराव्हॅनची परीक्षाच रद्द केली. १६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कारचं लायसन्स असलेला कुणीही साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढू शकतो. उत्तर आयर्लंडने मात्र परीक्षा कायम ठेवली. रस्त्यावर कुणाला काय ओढता येईल, याचा निर्णय सुपरमार्केटच्या रिकाम्या फळ्या पाहून झाला, हे मला तरी या विषयातलं सर्वांत खरं सत्य वाटतं. १९९७ च्या आधीच्या त्या काकांनाही मर्यादा आहे बरं: सत्तरी गाठली, की जुनी वजनदार सवलत टिकवायला वैद्यकीय तपासणी द्यावी लागते.

परीक्षा गेली तरी बाकीचे नियम शाबूत आहेत. ट्रेलर ओढताना मोटरवेवर ताशी ६० मैलांच्या वर जायचं नाही. तीन पदरी मोटरवेवर सगळ्यात उजव्या लेनमध्ये पाऊल टाकायचं नाही. कॅराव्हॅन कारपेक्षा रुंद असेल तर लांब दांड्याचे जादा आरसे लावायचे. नाही लावले तर १,००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पेनल्टी पॉइंट. हे पौंड पैशांचे. आणि कॅराव्हॅनच्या पाठीवर ओढणाऱ्या कारचाच नंबर लावायचा. नवख्यांसाठी कॅराव्हॅनवाल्यांचा ठोकताळा असा, की मागचं वजन कारच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांत ठेवा. कायदा तसं म्हणत नाही, अनुभव म्हणतो.

हौसेखातर कॅराव्हॅन ओढण्याची सुरुवातही याच देशातली. १८८५ मध्ये डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरने ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून ‘द वाँडरर’ नावाचं महोगनीचं चाकांवरचं घर बनवून घेतलं. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. हे गृहस्थ मुलांसाठी साहसकथा लिहीत. मग स्वतःच साहस करत इन्व्हर्नेसपर्यंत गेले. लायसन्स नव्हतंच तेव्हा. पण खबरदारी होती: नोकर तीनचाकी सायकल मारत पुढे जाई आणि समोरून येणाऱ्यांना सावध करी, की मागून एक भलंमोठं प्रकरण येतंय.

सात तासांचा जर्मन कोर्स

युरोपीय संघाने २०१३ पासून यावर मधला तोडगा काढलाय. कारच्या ‘बी’ लायसन्सवर ७५० किलोंचा ट्रेलर कधीही चालतो. त्याहून जड ट्रेलर हवा असेल, तर गाडीसकट एकूण साडेतीन टनांत बसवा. एकूण ४,२५० किलोंपर्यंत जायचं असेल तर ‘बी ९६’, आणि ट्रेलर एकटाच साडेतीन टनांपर्यंत न्यायचा असेल तर ‘बीई’ची पूर्ण परीक्षा.

जर्मनीत बी ९६ साठी परीक्षा नाही, सात तासांचं प्रशिक्षण आहे: अडीच तास वर्ग, साडेतीन तास मैदानावर सराव आणि शेवटचा एक तास रस्त्यावर. नापास होण्याची सोय नाही, हे ऐकून जर्मनीबद्दलचं मत बदलू शकतं. पण लगेच बदलू नका. ऑटोबानवर ट्रेलरसाठी वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. १०० ने जायचं तर ट्रेलर त्या लायक असल्याचं सिद्ध करून मागे ‘१००’ चा अधिकृत गोल बिल्ला लावावा लागतो, आणि ट्रेलरचे टायर सहा वर्षांहून जुने असले तर बिल्ला असूनही १०० चा हक्क जातो. टायरला वयोमर्यादा आहे, चालकाला नाही.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने ४,६०० किलोंवरच्या घरगुती ट्रेलरसाठी ‘०७’ असा कोड ठेवलाय. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये शिकाऊ चालकाला काहीच ओढता येत नाही आणि लाल ‘पी’ची पाटी लावणाऱ्या नवशिक्याला रिकाम्या वजनाने २५० किलोंपर्यंतचाच ट्रेलर. एवढ्यात बागेतला कचरा टाकून येता येतं, घर नेता येत नाही.

उलाळ

लायसन्सचे एवढे आकडे पाहिले, पण अपघात ज्या आकड्याने होतात तो यातल्या एकाही परवान्यावर छापलेला नसतो. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी किती भाग पुढे, हिचवर टेकला पाहिजे? साध्या ट्रेलरला १० ते १५ टक्के, फिफ्थ व्हीलला १५ ते २५ टक्के. ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. गाडी मागे जड झाली, की उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैल हवेत लटकायला पाहतात. ट्रेलर उलाळ झाला, की कारच्या मागच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो. वेग जितका जास्त तितके झोके मोठे. शेजारून एखादा ट्रक भन्नाट गेला, उतार लागला, वाऱ्याचा झोत आला, एवढं निमित्त पुरतं.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि तीच चूक ठरते. पुढची गाडी थबकते, मागचे टन थबकत नाहीत, आणि ट्रेलर गाडीला वळसा घालून पुढे यायला बघतो. जाणकार सांगतात: स्टिअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, आणि डॅशबोर्डवरच्या छोट्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा. मोठ्या ट्रेलरना स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात. हिचच सुटला तर? त्यासाठी एक बारीकशी केबल असते. ट्रेलर गाडीपासून तुटला की ती ताणली जाते, एक खिट्टी निघते आणि ट्रेलरमधली बॅटरी त्याचे ब्रेक करकचून लावते. शिवाय हिचखाली दोन साखळ्या एकमेकींवर फुली मारून बांधतात, म्हणजे निसटलेला ट्रेलरचा पुढचा दांडा रस्त्यावर आपटण्याऐवजी त्या झोळीत पडतो.

रिव्हर्स हा वेगळा अध्याय. गाडी डावीकडे वळवली की ट्रेलर उजवीकडे. मेंदू दोनदा उलटा होतो. यावरची युक्ती इतकी सोपी आहे की राग येतो: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. मग हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलर त्याच बाजूला जाईल. नवरा चालवतोय, बायको मागे उभी राहून हातवारे करतेय, आणि आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून बघतायत, हा अमेरिकन कॅम्पग्राउंडवरचा संध्याकाळचा मोफत कार्यक्रम आहे.

आत कोण बसलंय?

चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायला ब्रिटनमध्ये सक्त मनाई, अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्निया साध्या ट्रेलरला नाही म्हणतं, पण फिफ्थ व्हीलमध्ये बसू देतं. अट अशी की खिडक्यांना सुरक्षित काच हवी, बाहेर पडायला मोकळं दार हवं आणि आतून चालकाला इशारा देण्याची सोय हवी.

ट्रेलरमध्ये बसून केलेला सर्वांत प्रसिद्ध मुक्काम अपोलो ११ च्या तिघांचा. २४ जुलै १९६९ ला चंद्रावरून परतलेले आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स थेट एका चाकं काढलेल्या एअरस्ट्रीम ट्रेलरमध्ये बंद झाले, कारण चंद्रावरून रोगजंतू आले असतील अशी भीती होती. यूएसएस हॉर्नेट जहाजावर राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी ट्रेलरच्या खिडकीतून बोलले. मग ट्रेलर जहाजातून उतरला, ट्रकवर चढला, विमानात गेला आणि ह्यूस्टनला पोचला, तिघे आतच.

क्रूझ कंट्रोल लावून चालक कॉफी करायला मागे गेला, मोटरहोम उलटलं आणि त्याने कंपनीकडून लाखो डॉलर वसूल केले, ही कथा व्हॉट्सअॅपवर तुम्हालाही आली असेल. ती साफ खोटी आहे. असा खटला कधी झालाच नाही.

१९५४ चा ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ हा सिनेमा मात्र खरा. नवं लग्न झालेलं जोडपं ३६ फुटी ट्रेलर घेतं, आणि बायको वाटेत आठवण म्हणून दगडधोंडे गोळा करत जाते. ट्रेलर घाट चढायला लागतो तेव्हा दगड आतच असतात. वजनाचं सगळं शास्त्र त्या एका प्रसंगात आहे.

शेवटचा डबा

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याने १९८८ सालीच ट्रेलरची सोय केली. गंमत म्हणजे त्यातही ब्रिटनसारखंच कलम आहे: ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर, आणि ट्रेलरची माळ असेल तर शेवटच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे. गळीत हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरून चाललेल्या पाहा आणि शेवटच्या ट्रॉलीवर नंबर शोधा. वेळ छान जातो. ट्रॅक्टरला माल भरलेली ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन्स निकामी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात सांगितलं. आणि साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडीही हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पक्कं केलं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटलं की इंजिनासकटची गाडीच डोळ्यांपुढे येते. ‘खासगी वापराचा कॅम्पर ट्रेलर’ सरकारी यादीत २००४ पासून आहे, रस्त्यावर क्वचित.

आणि काही जागा अशा, जिथे कुठल्याच वर्गाचं लायसन्स कामाला येत नाही. मोंटानाच्या ग्लेशियर उद्यानातल्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या घाटात गाडी आणि ट्रेलर मिळून २१ फुटांच्या वर असाल तर प्रवेश नाही. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांत स्वयंपाकाच्या गॅसची मोठी टाकी घेऊन जायला बंदी. यूटाच्या झायन उद्यानातला १९३० चा बोगदा इतका अरुंद, की मोठं मोटरहोम आलं की समोरची वाहतूक अडवून त्याला मधोमध चालवत न्यावं लागे. आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमचा एक रेल्वेपूल: मूळ उंची ११ फूट ८ इंच. पाट्या, दिवे, इशारे सगळं असूनही ट्रक आणि मोटरहोमची छपरं वर्षानुवर्षं तिथे सोलून निघत. २०१९ मध्ये पूल आठ इंचांनी उचलला. छपरं अजूनही अडकतात.